सराफाची लाल पिशवी

आमच्या घरातले सगळे महत्त्वाचे कागद सराफाच्या एका लाल पिशवीत असतात. जळगावात याचं कुणाला नवल वाटायचं नाही. इथे घरात सोनं असो-नसो, सराफाची पिशवी असतेच. तुम्ही दोन ग्रॅमचे कानातले घ्या, पिशवी मात्र अर्धा किलो मावेल एवढी मिळते. कानातले कानात जातात, पिशवी कपाटात जाते. मग तिच्यात रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मुलांचे जन्मदाखले आणि बंद पडलेल्या विम्याच्या पावत्या अशी वस्ती वाढत जाते. पिशवीवरच्या लक्ष्मीला वाटत असेल, आपली बदली झाली की काय!

सतरा वर्षं भाड्याने राहिल्यावर आम्ही घर घ्यायचं ठरवलं. म्हणजे बायकोने ठरवलं आणि मला कळवलं. दर अकरा महिन्यांनी नवा करार, दर कराराला चढतं भाडं, आणि भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाची परवानगी, याला ती विटली होती. मेहरूणच्या बाजूला एक फ्लॅट पाहिला. दोन बेडरूम आणि एक गॅलरी. मे महिन्यात त्या गॅलरीत सकाळी टाकलेले पापड चहा होईपर्यंत वाळले असते. किंमत 32 लाख. मी मास्तर माणूस. शाळेत वर्षानुवर्षं मुलांकडून सरळव्याज-चक्रवाढव्याजाची गणितं करून घेतली. त्यात कायम कुणीतरी रामराव कर्ज काढायचे आणि मुलं हसायची. आता रामराव मीच झालो होतो.

बँकेतले साहेब तरुण आणि हसतमुख होते. "सर, एकदम सोपंय," म्हणाले आणि पाठपोट छापलेली यादी हातात दिली. पॅन, आधार, फोटो, तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, दोन वर्षांचे फॉर्म 16, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. हे झालं माझं. घराचं वेगळं: आधीचं खरेदीखत, इंडेक्स टू, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीची पावती, इंजिनिअरचा व्हॅल्युएशन रिपोर्ट आणि वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी फक्त "मुलगा सुपारी खातो का?" एवढंच विचारलं होतं. पोरगी देताना जेवढी चौकशी झाली नाही तेवढी बँक पैसे देताना करते. यात बँकेचं चुकतंय की सासऱ्यांचं चुकलं, यावर घरात अजून एकमत नाही.

जमिनीचा जुना सातबाराही काढला. या सगळ्या व्यवहारात स्वस्त अशी ही एकच गोष्ट: डिजिटल सहीचा उतारा, 15 रुपये फक्त. सात नंबरच्या नमुन्यात मालक कोण ते असतं, बारा नंबरच्या नमुन्यात पीक काय ते. त्यावरून कळलं की ज्या जागेसाठी मी 32 लाख मोजणार होतो तिथे एके काळी कोरडवाहू कापूस होता. बायकोला म्हटलं, "आपल्या बेडरूममध्ये कपाशी होती." ती म्हणाली, "मग गाद्या तरी फुकट मिळायला हव्यात."

साहेबांनी माझं स्टेटमेंट चाळलं. वर्गात मुलाची वही तपासताना माझा चेहरा कसा दिसत असेल ते त्या दिवशी कळलं. एका जागी त्यांचं बोट थांबलं.

"सर, महिन्यात नऊ वेळा शेवभाजी?"

पूर्वी माणूस खिशातून नोटा काढून शेवभाजी खायचा आणि देवाशिवाय कुणाला कळायचं नाही. आता मोबाइलवरून पैसे देतो आणि बँकेला तिखटाचा अंदाजसुद्धा येतो. बायको शेजारच्याच खुर्चीत बसली होती. नऊपैकी पाच वेळा मी तिला "शाळेत मीटिंग आहे" असं सांगितलं होतं.

मग सिबिल निघालं. हा स्कोअर 300 पासून 900 पर्यंत असतो. म्हणजे नुसती हजेरी लावली तरी 300 मिळतात. आमच्या बोर्डाला एवढी दया अजून सुचलेली नाही. साडेसातशेच्या वर असला की बँका चहा विचारतात. माझा 688. मी आयुष्यात कुणाचे पैसे बुडवले नाहीत. हे इतक्या दुखावलेल्या आवाजात सांगितलं की साहेबांनी पडदा माझ्याकडे फिरवला. सहा वर्षांपूर्वी मी एका सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलो होतो. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता त्याने कागद पुढे केला, "सर, नुसती सही," म्हणाला, आणि मीही नुसतीच सही केली. त्याचे हप्ते थकले ते माझ्या नावापुढे येऊन बसले. आपल्याकडे जामीन राहणं हा मैत्रीचा भाग असतो, सिबिलच्या लेखी तो कर्जाचा भाग असतो. त्या मित्राला गाठून थकबाकी भरायला लावण्यात आणि पुढे आकडा सुधारण्यात पाच महिने गेले. मित्र राहिला, चहा बंद झाला.

सिबिल निघालं त्याच दिवशी आणखी एक शोध लागला: मी एक नसून तीन आहे. चौधरी हे आडनाव मराठीत लिहायला एकाच पद्धतीने जमतं. इंग्रजीत मात्र ज्याच्या हाती टाइपरायटर त्याचं व्याकरण. माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर सी-एच-ओ-डब्ल्यू, पॅनवर सी-एच-ओ-यू आणि आधारवर सी-एच-ए-यू. शेवटी एका ठिकाणी आय, एका ठिकाणी वाय. खानदेशातले सगळे चौधरी एका रांगेत उभे केले तर इंग्रजीचे पाचही स्वर थकतील. साहेब म्हणाले, "अ‍ॅफिडेव्हिट करा." पूर्वी असली कामं शंभराच्या स्टॅम्पवर व्हायची, ऑक्टोबर 2024 पासून तो पाचशेचा झाला. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने सवयीने मजकूर बडवला: वरील तिन्ही नावांच्या व्यक्ती भिन्न नसून एकच आहेत व ती व्यक्ती मीच आहे. अद्वैताचा एवढा स्पष्ट सिद्धान्त मी कुठल्याही प्रवचनात ऐकला नव्हता. आणि नोटरीचा शिक्का असलेला तर नाहीच.

पैशाचं गणित घरी मांडलं. बँक देणार 25 लाख, साडेआठ टक्क्यांनी, पंधरा वर्षांसाठी. हप्ता साधारण 24,600. पंधरा वर्षांत भरायचे 44 लाख 31 हजार. मुदत नेमकी मी निवृत्त होईन तोपर्यंत. म्हणजे सत्काराचा नारळ आणि बँकेचा नो-ड्यूज दाखला एकाच दिवशी हातात पडणार. वरचे 7 लाख आपले. शिवाय स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी, त्यासाठीही बँक कर्ज देत नाही. नोंदणी फी किमतीच्या 1 टक्का, पण 30 हजारांच्या वर नाही. आमचे 32 हजार व्हायचे ते 30 हजारांवर थांबले. हे 2 हजार वाचले म्हणून मला इतका आनंद झाला की तो साजरा करायला शेवभाजी मागवली. रोखीने.

घर कुणाच्या नावावर, हा प्रश्न मी फार हळुवारपणे काढला. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात खरेदीदार फक्त स्त्री असेल तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडीला लावलं की सवलत गेली. आमचे 32 हजार वाचत होते. कर सल्लागार असलेला मेहुणा म्हणाला, "पण दाजी, हप्ता तुम्ही भरणार आणि घर नावावर नसणार. मग व्याजाची वजावट तुम्हाला मागता येणार नाही." मात्र मी नव्या करपद्धतीत होतो, तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाही. म्हणजे माझ्याकडे हरण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. या सवलतीला आधी एक अट होती: पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. ती अट 2023 मध्ये निघाली. बायको म्हणाली, "चांगली होती की." मालक ती, सहकर्जदार मी. व्याकरणात सांगायचं तर ती कर्ता आणि मी कर्म. क्रियापद बँकेचं.

आता ड्युटी-फी धरून 9 लाखांची जुळवाजुळव. भविष्य निर्वाह निधीतून थोडे निघाले. भिशीचे निघाले. एका पतसंस्थेत आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठेव ठेवली होती; ती निघाली नाही. निघत नाही म्हणूनच तिला ठेव म्हणतात, असं आप्पांनी शांतपणे सांगितलं. राहिलं सोनं.

बाहेरगावची माणसं रेल्वेचं तिकीट काढून जळगावला सोनं घ्यायला येतात. त्या बाजारात सोनं मोडायला जाणं म्हणजे वऱ्हाड येत असताना मांडवातून उलटं बाहेर पडण्यासारखं आहे. दुकानात गर्दी, समोर कुणाच्या तरी लेकीचा बस्ता बांधलेला, कुणी हार गळ्याला लावून आरशात पाहतंय, आणि आम्ही दोघं कोपऱ्यातल्या काट्यापाशी. बायकोने पाटल्या काढून ठेवल्या. माणसाने वजन केलं, घट सांगितली, आकडा लिहिला. मी काही बोलणार एवढ्यात ती म्हणाली, "भाऊ, एक पिशवी द्या." तो गोंधळला. सोनं मोडणाऱ्याला पिशवी द्यायची पद्धत नसावी. पण दिली. लाल. हँडलवाली.

तरीही 3 लाख कमी पडत होते. ते धुळ्यात होते.

धुळ्यात आमचं जुनं घर आहे. इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जने आखलेलं गाव, गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. तिथे कुणी भेटलं की "कुठल्या गल्लीतले?" असं विचारतात आणि उत्तर एका आकड्यात संपतं. त्या घरात माझे मोठे काका राहतात, त्यांना आम्ही नाना म्हणतो. नानांनी आप्पांचा हिस्सा घ्यायची तयारी केव्हाच दाखवली होती. अडचण एवढीच की मिळकत पत्रिकेवर अजून आजोबा होते. आजोबा 1994 मध्ये गेले. घरातून गेले, श्राद्धाच्या पानावर आले, कागदावरून मात्र हलले नाहीत.

धुळ्याचे वकीलसाहेब जुन्या वळणाचे. म्हणाले, "क्षेत्रफळ जुळत नाही. मूळ खरेदीखत आणा." ते नानांच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत सापडलं. 1938 सालचं, वर जिल्हा पश्चिम खानदेश, आणि अक्षर मोडी. नानांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि दोन्हीकडून सारखंच दिसतं असा अभिप्राय दिला. मुलगा म्हणाला, "बाबा, पश्चिम खानदेश कोणत्या राज्यात येतं?" त्याला सांगितलं की 1906 मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पश्चिमेचं पुढे धुळे झालं, पूर्वेचं जळगाव. म्हणजे आम्ही पश्चिम खानदेश विकून पूर्व खानदेश घेत होतो.

याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या शेवटच्या दिवशी गेले. गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यावरचे आणि अडगळीतले कागद मागून आणून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले. त्यांचं दफ्तर सांभाळणारं संशोधन मंडळ इथेच. रामदासी हस्तलिखितं जपणारं समर्थ वाग्देवता मंदिरही इथेच. एवढं कागद जपणारं गाव, आणि तिथल्या आमच्या पेटीत मूळ खरेदीखताखाली उंदरांनी बाळंतपणं उरकलेली. राजवाड्यांना एक सोय होती म्हणा. त्यांना कागद सापडला की इतिहास मिळायचा. मला कागद सापडला की वकील आणखी एक मागायचे.

मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी मिळाले. भिंग लावून ते सावकाश वाचत गेले, नाना आणि मी मांडी घालून समोर. घराची किंमत रुपये साडेतीनशे. पैकी दोनशे रोख. बाकीचे दीडशे कसे दिले तेही लिहिलं होतं: बायकोच्या अंगावरचा डाग गहाण ठेवून. पणजीचं नाव काही नव्हतं, नुसतं "बायको". मी घाम पुसायच्या निमित्ताने चष्मा काढला. सत्त्याऐंशी वर्षांत जिल्ह्यांची नावं बदलली, राज्य बदललं, लिपी बदलली. घर घ्यायची पद्धत तेवढी तीच राहिली.

मग चतुःसीमा आल्या. पूर्वेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस शेजाऱ्याची भिंत, पश्चिमेस कडुनिंबाचं झाड. "ते झाड कुठंय?" वकिलांनी विचारलं. नानांनी थोडा विचार करून सांगितलं, "बहात्तरच्या दुष्काळात सरपणात गेलं." आमच्या घराची पश्चिम सीमा काकूच्या चुलीत जळाली होती. त्या दिवशी काकूने आग्रहाने जेवायला वाढलं. भाकरी, ठेचा आणि फौजदारी डाळ. आमच्याकडे जागेची प्रकरणं कितीही पेटली तरी दिवाणीच असतात. फौजदारी फक्त डाळ.

वारस लावायचे म्हणजे पुरावे आले. नानांच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1951, आप्पांच्या 1 जून 1952. त्या काळी मास्तरांना शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख सोयीची पडायची, त्यामुळे निम्मा खानदेश 1 जूनला जन्मला आहे. वकिलांनी विचारलं, "बहीण आहे का?" आहे. माझी आत्या. आम्ही फुई म्हणतो. ती दोघा भावांच्या मधली. वकिलांनी दोन्ही दाखले शेजारी ठेवले. नानांचा आणि आप्पांचा जन्म नेमका बारा महिन्यांच्या अंतराने, आणि मधे फुई. तिघांची आई त्या एका वर्षात काय काय करत होती, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

फुईचा दाखला नव्हता, कारण ती शाळेतच गेली नव्हती. आजोबांच्या रेशनकार्डात ती "एकूण सदस्य" या आकड्यात होती. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललं, आडनाव तर बदलणारच. आधारवरची बाई आणि आमची फुई यांना जोडणारा कागद कुठेच नव्हता. मला इंग्रजीच्या दोन-चार अक्षरांत आपण एकच आहोत हे सिद्ध करायचं होतं आणि मी त्यावर एवढी बोंब मारली होती. तिला अख्ख्या नावानिशी सिद्ध करायचं होतं. तिचंही अ‍ॅफिडेव्हिट झालं. पूर्वाश्रमीची अमुक आणि आजची तमुक या एकच व्यक्ती आहेत. पाचशेच्या स्टॅम्पवर.

वकिलांनी तिला स्पष्ट सांगितलं, "बाई, कायद्याने तुमचाही भावांइतकाच वाटा आहे. हक्क सोडायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं." नाना छताकडे बघत बसले. आप्पा चपलेकडे. वारसा कायद्यात 2005 ची दुरुस्ती आली तेव्हापासून आमच्याकडच्या भावांना बहिणी जास्त वेळा आठवतात, रक्षाबंधनाच्या साड्याही जरा भारी झाल्या आहेत. फुईने वारस नोंदीचा उतारा हातात घेतला. वाचता येत नसल्याने मला बोट ठेवायला सांगितलं.

"मना नावना कागद शे का हाऊ?"

"हो फुई. हे तुझं नाव. माहेरचं."

तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग भावांकडे बघून म्हणाली, "हक्क सोडस. पन आखाजी सोडत नही."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. झोके, गाणी, आमरस, पुरणपोळी. गेल्या बारा वर्षांत तिला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावलं नाही म्हणून ती आली नाही आणि आली नाही म्हणून बोलावलं नाही. नाना घसा खाकरून म्हणाले, "ये ना. तुनंच घर शे." वकिलांनी सवयीने पेन उचललं आणि हे लिहायचं नाही हे लक्षात येऊन खाली ठेवलं.

नोंदणीच्या दिवशी फुईचा अंगठा यंत्राला उमटेना. जन्मभर निंदणी-खुरपणी केलेली. बोटांच्या रेषा शेतातच राहिल्या होत्या. ऑपरेटरने अंगठा पुसून घेतला, मग दुसरं बोट, मग तिसरं. यंत्राला शेवटी करंगळी पटली. आपल्या वाट्याची इस्टेट तिने करंगळीने सोडली. निघताना उताऱ्याची झेरॉक्स मागून घेतली, चौपदरी घडी केली आणि कमरेच्या पिशवीत तंबाखूच्या डबीशेजारी ठेवली.

जळगावच्या फ्लॅटची नोंदणी पुढच्या आठवड्यात झाली. बायकोने सह्या केल्या. मी सहकर्जदाराच्या नम्रतेने मागे उभा राहिलो. मूळ खरेदीखत बँकेने तारण म्हणून ठेवून घेतलं, सोबत बाकीचं सगळं. तिथल्या मुलीने लाल पिशवी पालथी करून एकेक कागद मोजला, पोच दिली आणि पिशवी घडी करून परत केली.

घरी आल्यावर बायकोने कपाट उघडलं. जुन्या लाल पिशवीशेजारी नवी लाल पिशवी, दोन्ही रिकाम्या. सोनं सराफाकडे, कागद बँकेकडे. नव्या घराच्या भिंतीत तिने त्याच संध्याकाळी पहिला खिळा ठोकला, कुणालाही न विचारता, आणि एक पिशवी त्याला अडकवली. आत मोडीच्या खरेदीखताची झेरॉक्स ठेवली. पेन्सिलीने "बायको" या शब्दापुढे काहीतरी लिहिलं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं. तिने फोन करून नानांना पणजीचं नाव विचारलं होतं.

नानांना दोन नावं आठवली. तिने दोन्ही लिहिली होती.